वारस खालीलप्रमाणे

बारावीच्या कृतिपत्रिकेत कवितेचं रसग्रहण लिहायचं असतं ते तीन अंगांनी: आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं. माझ्यासमोर कविता नाही. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, आणि तिच्यातली वारसाची एक नोंद आहे. असला कागद हौसेने कुणी वाचत नाही. सोसायटीचं कर्ज हवं असतं, मोजणी आणायची असते, गोडाऊनसाठी जागा बघणारी पार्टी दारात उभी असते, म्हणून नक्कल काढली जाते. आपलं नाव आहे ना, एवढं पाहून ती घडी होऊन पिशवीत जाते. मी मात्र ती ओळीओळीने वाचणार आहे. घरातली पोरं कागदावर कशी चढतात याचं इतकं आटोपशीर लेखन मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

नोंद खारबाव भागातली समजा. दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड आणि कामण रोड यांच्या मधलं हे स्टेशन. भिवंडी तालुक्यातल्या एका महसुली मंडळालाही हेच नाव आहे. खाडीच्या अंगाची भातखाचरं, वर वरकस, आगरी-कोळी-कुणबी वस्ती, पाड्यांवर आदिवासी. दोन पिढ्यांपूर्वी इथल्या शेताची किंमत भात किती खंडी पिकतं त्यावर ठरायची. आता तालुक्यात गोदामांची रांग लागली आहे, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग खारबाववरून गेला आहे, द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनसाठी तालुक्यात भूसंपादन झालं आहे. त्यामुळे सातबाऱ्यावर कुणाकुणाचं नाव आहे हा प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत आला आहे.

नोंदीचा मजकूर असा. नावं मी गाळली आहेत, वयं माझ्या मनाने घातली आहेत. साचा मात्र कुठल्याही तलाठी सजात मिळेल तोच.

‘वर्दीवरून. खातेदार अमुक अमुक हे अमुक तारखेस मयत झाले. त्यांचे पश्चात वारस खालीलप्रमाणे. १) पत्नी, वय ३८. २) मुलगी, विवाहित, वय २१. ३) मुलगा, वय १९. ४) मुलगी, वय १५, अ.पा.क. आई. ५) मुलगा, वय ११, अ.पा.क. आई. याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत. मृत्यूचा दाखला व प्रतिज्ञापत्र पाहिले. सबब मयताचे नावास कंस करून वारसांची नावे दाखल केली.’

खाली मंडळ अधिकाऱ्याचा शेरा: ‘नोटीस बजावली. मुदतीत हरकत नाही. नोंद मंजूर.’

पहिला शब्द ‘वर्दीवरून’. वाक्य नाही, कर्ता नाही. वर्दी कुणी दिली? बहुधा थोरल्या मुलाने, नाहीतर दिराने, बारावं उरकल्यावर. जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिचं कलम १४९ सांगतं की वारसाने हक्क मिळाला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. घरात या मुदतीची आठवण कुणाला नसते. कळवायचं ते बहुतेकदा काही अडल्यावर, आणि तोवर कधी कधी वर्षं लोटलेली असतात. पण नोंदीत त्या विलंबाची चाहूल लागत नाही. माणूस गेला ती तारीख आणि नोंद धरली ती तारीख, दोन्ही शेजारी शेजारी बसतात. मधल्या काळात घरात काय काय झालं ते वाचणाऱ्याने दोन तारखांच्या वजाबाकीतून काढायचं. निवेदकाने स्वतःला इतकं बाजूला ठेवलेलं आपल्या कथालेखकांनाही जमायला वेळ लागला.

‘मयत झाले’ आणि ‘पश्चात’ यांवर फार थांबण्यासारखं काही नाही. कशाने गेले, कुठे गेले, हे या लेखनाच्या कक्षेत येत नाही.

खरी जागा आहे ती ‘खालीलप्रमाणे’ या शब्दानंतरची. यादी. आणि या यादीचा क्रम कळायला एकच नोंद वाचून भागत नाही. त्याच गटाचे मागचे फेरफार काढावे लागतात. सातबाऱ्यावर नावांच्या अंगाला गोल करून जे आकडे लिहिलेले असतात ते या मागच्या फेरफारांचे. एकेक आकडा धरून मागे गेलं की घराण्याची बखर उलगडते. फरक इतकाच की बखरकार दर वेळी बदललेला असतो आणि कुणाचंच कौतुक करत नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे लिहिलेली नोंद घ्या. अक्षर वळणदार, शाई तपकिरी झालेली. नाव ‘अमुक बिन तमुक’ असं, म्हणजे तमुकचा मुलगा. बाईमाणूस असेल तर ‘अमुकबाई कोम तमुक’, तमुकची बायको. बाप गेल्यावर वारस म्हणून नाव लागतं एकट्या थोरल्याचं, आणि त्याच्यापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर हा शब्द भाताच्या खाचरात कधी उतरला कोण जाणे, पण उतरला तो मुक्कामालाच. त्या तीन अक्षरांच्या पोटात धाकटे भाऊ, विधवा आई, लग्नाच्या बहिणी, रांगती पोरं सगळी बसली. कागद सुटसुटीत झाला. सारा कुणाकडून वसूल करायचा ते सरकारला कळलं, आणि सरकारला तेवढंच कळून घ्यायचं होतं. पुढे थोरल्याच्या नातवांनी आजोबांचं एकट्याचं नाव दाखवून ‘जमीन आमच्याच आजोबांची’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा चुलत घराण्यांना ती तीन अक्षरं शोधत तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात चकरा माराव्या लागल्या. कधी ती अक्षरं पुनर्लेखनात गळून गेलेली असायची. मग दिवाणी दावा.

दुसरी नोंद साधारण सत्तरच्या दशकातली. मधल्या काळात दोन मोठे कायदे होऊन गेले. कुळकायदा १९४८ चा, आणि त्याखालचा कृषक दिन १ एप्रिल १९५७; त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक झालं, आणि कलम ३२-ग खाली किंमत ठरून सातबाऱ्यावर आलं. दुसरा हिंदू उत्तराधिकार कायदा, १७ जून १९५६ पासूनचा. त्याने विधवा, मुलगे आणि मुली यांना वर्ग एकचे वारस म्हणून एका रांगेत बसवलं. आता सातबाऱ्याचा नमुना सात डोळ्यांसमोर आणा. डावीकडे भोगवटादार, म्हणजे ज्याची जमीन त्याचं नाव. उजवीकडे कूळ, खंड आणि इतर अधिकार. भिवंडी तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजोबा आधी उजवीकडे होते, कूळ म्हणून. ३२-गच्या निकालानंतर ते डावीकडे आले. रकाना ओलांडायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं.

आणि ते गेल्यावरचा फेरफार काय म्हणतो? मुलांची नावं डावीकडे, भोगवटादार म्हणून. मुलींची नावं ‘इतर हक्कात’. म्हणजे उजवीकडे. बाप ज्या रकान्यातून मोठ्या मुश्किलीने बाहेर आला, त्याच रकान्यात लेकींना नेऊन बसवलं. शेजारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा, खाली विहिरीतला हिस्सा, मध्ये बहिणी. कायद्याने बहिणीचा वाटा भावाइतका असताना कागदाने तिला जमिनीवरचा भार करून टाकलं. कुणा एका तलाठ्याचा हा दुष्टावा नव्हता. घरच्यांनी वर्दी तशी दिली, जबाब तसे झाले, बहिणीने अंगठा उठवला. ‘नाव आहे ना कागदावर’, झालं. एका घराण्याचे फेरफार क्रमाने वाचणाराला हा विरोधाभास दिसतो. सुट्या उताऱ्यात तो दिसणार नाही. लेखनात उपरोध असावा असं लिहिणाऱ्याच्या मनातही नव्हतं, आणि तो इतका अस्सल उतरला आहे.

तिसरी नोंद आपली, वर दिलेली. इथे विवाहित मुलगी दोन नंबरला आहे, भावाच्या आधी, कारण वयाने मोठी आहे. तिच्या नावापुढे ‘विवाहित’ लिहिलंय, पण त्या शब्दाने तिचा रकाना बदललेला नाही. एवढं घडायला काय काय लागलं! महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखं वाटेकरी, केलं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. खारबावच्या एकाच घरात मेमध्ये लग्न झालेली बहीण बाहेर आणि पुढच्या हंगामात झालेली आत, असा प्रकार त्यातून होऊ शकत होता. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद काढला. तरी बाप त्या तारखेला जिवंत हवा की नको यावर पंधरा वर्षं खल चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नको म्हणून सांगितलं, हक्क जन्माचा आहे. हे सगळं पाठीशी घेऊन ‘२) मुलगी, विवाहित, वय २१’ ही ओळ उभी आहे. तीन शब्द आणि दोन आकडे. कुठे विजयाचा सूर नाही, आणि तो नसणं हेच मला या ओळीचं बळ वाटतं.

आता अ.पा.क. अज्ञान पालन कर्ता. बाहेरच्याला हा शेरा कोडं वाटतो, शेतकऱ्याला तो तोंडपाठ असतो. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो अज्ञान. सातबाऱ्यावर ही ओळ अशी येते: आधी मुलाचं नाव, मग अ.पा.क., मग आईचं नाव. क्रम बघा. अकरा वर्षांचं पोर पुढे, आई मागे. रेशनकार्डावर मूल मोठ्यांच्या शेपटीला लटकलेलं असतं. इथे मोठं माणूस मुलाच्या नावाला टेकू म्हणून आलं आहे. ए.कु.मॅ. शी याची तुलना केल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही तीन-तीन अक्षरं, दोन्ही एकाच दप्तरातली, पण वृत्ती उलट्या. एकाने घरातली सगळी नावं गिळली. दुसऱ्याने ज्याला अजून सही करता येत नाही त्याचं नाव आधी लिहून जागा धरून ठेवली.

या जागा धरण्याला कायद्यातही अर्थ आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची किंवा बक्षीस द्यायची तर आईबापालाही आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. म्हणून जमीन घेणारी पार्टी उताऱ्यावर अ.पा.क. दिसलं की थबकते. वकील म्हणतो, ‘पोरगं अठराचं होऊ दे, नाहीतर कोर्टाचा हुकूम आणा.’ अर्थात भिंतीला भोक आहेच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला अविभक्त हिस्सा कर्ता कुटुंबाच्या गरजेसाठी विकत असेल तर कलम ८ आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नारायण बाळ प्रकरणात म्हटलं. म्हणजे ए.कु.मॅ. आपल्या नातवंडांच्या काळातही अधूनमधून जागा होतो.

या शेऱ्याला एक विनोदी उत्तरायुष्यही आहे. मूल सज्ञान झालं की जन्माचा पुरावा देऊन अर्ज करायचा आणि शेरा कमी करून घ्यायचा. पण कुणाला आठवतंय? लग्न होतं, पोरं होतात, दाढी पांढरी होते, आणि सातबाऱ्यावर गृहस्थ अजून अज्ञान, पालन करणारी आई केव्हाच गेलेली. जुन्या उताऱ्यांत अशी म्हातारी बालकं भरपूर. शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून पाहिली, मग १ एप्रिलपासून राज्यभर. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावणं हा तिचा मुख्य उद्देश. पुढच्या टप्प्यात असे कालबाह्य शेरेही काढायला घेतले, त्यांत अ.पा.क. होतं आणि ए.कु.मॅ. सुद्धा. दोघे जुने सोबती एकाच परिपत्रकाने निवृत्त होताना पाहून मला बरं वाटलं, आणि थोडी हुरहुरही.

‘याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत.’ आतापर्यंतचा मजकूर कागद पाहून लिहिता येतो. हे वाक्य मात्र नुसत्या विश्वासावर उभं आहे. आहे ते दाखवता येतं, नाही ते कसं दाखवणार? प्रतिज्ञापत्रावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबाबावर. एखादी बहीण लग्न होऊन पालघरकडे गेलेली, एखादं दुसरं घर असलेलं, एखादा लहानपणी घर सोडून गेलेला. या वाक्यात त्यांच्यासाठी दार बंद होतं. मग नोटीस निघते. तिला अजूनही सगळे ‘१३५-ड ची नोटीस’ म्हणतात. हे कलम १८७९ च्या जुन्या जमीन महसूल कायद्यातलं. तो कायदा गेला, नवं कलम १५० आलं, पण कचेरीत आणि गावात १३५-ड काही मरायला तयार नाही. पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली तर नोंद विवादग्रस्तांच्या वहीत, गाव नमुना सहा-अ मध्ये जाते. ‘मुदतीत हरकत नाही’ या शब्दांमागे कधी खरोखर एकमत असतं, कधी नोटीस थोरल्याच्याच हातात पडलेली असते. कागदाला दोन्ही सारखंच.

कंसाबद्दल लिहायलाच हवं. मयताचं नाव खोडत नाहीत, पुसत नाहीत. त्याभोवती कंस करतात. हाताने लिहिण्याच्या काळात तलाठी नावाच्या दोन टोकांना लाल शाईने दोन रेघा वळवायचा; माणूस संपला, नाव वाचता येतं. आताच्या संगणकी उताऱ्यात कंसाबरोबर आडवी रेघही येते. मला जुनी रीत जास्त आवडायची. काट मारण्यात निकाल असतो, कंसात नुसतं थांबणं. खाली वारसांची नावं येतात आणि शेवटी, क्षेत्राच्या जागी, तुटक रेघांमध्ये दोन शब्द: सामाईक क्षेत्र. कुणाला किती ते नाही. आई आणि चार मुलं, प्रत्येकी पाचवा हिस्सा, की आधी बापाचा सहदायकीतला वाटा वेगळा काढून मग त्याचे पाच, हा हिशेब कागदाने अंगावर घेतलेला नाही. त्याच साच्यात पडघ्याकडच्या कोकणी मुसलमान घराचा फेरफारही बसतो. तिथे विधवेला आठवा आणि मुलाला मुलीच्या दुप्पट, पण कागदावर तेच शांत ‘सामाईक’. न्यायालयं पुन्हा पुन्हा बजावतात की फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जात नाही. नोंद केवळ साऱ्यापुरती आहे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरायची. मुलाचा हक्क नोंदीआधीचा. हे एकदा ध्यानात आलं की नोंदीचा सगळा अबोलपणा उमगतो. तिला काही द्यायचंच नाही. जे झालं आहे ते तिने मान्य केलं, इतकंच.

पण लोकांना मुलांची नावं बापाच्या हयातीत लावायची असतात. हा संवाद कुठल्याही सजात ऐकायला मिळेल.

‘भाऊसाहेब, पोरांची नावं चढवून टाका ना सातबाऱ्यावर. मी असेपर्यंत झालेलं बरं.’

‘काका, तुम्ही धडधाकट समोर बसलाय. वारस कसे लावू? रजिस्टर दस्त आणा.’

काकांना वाटतं भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, अडवतायत. पण त्यांचं बरोबर आहे. हयातीत नाव चढवायचं तर नोंदणीकृत बक्षीसपत्र नाहीतर वाटप लागतं. वाटप तहसीलदारांकडे संहितेच्या कलम ८५ खालीही होतं. शेतजमीन किंवा राहतं घर मुलांना, नातवंडांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, वर किरकोळ खर्च. नुसत्या अर्जावर नाव लागण्याची वाट एकच, आणि ती मुलांसाठी नाही, बायकोसाठी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. मग १९९२ च्या शासन परिपत्रकाने पती-पत्नीच्या संमतीने पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय झाली. मुलांसाठी अशी सोय नाही हे मला योग्यच वाटतं. हयातीत सगळं मुलांच्या नावावर करून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कहाण्या गावोगाव आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ त्यापायीच आलं: सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं, न सांभाळल्यास रद्द करता येतं. अट दस्तात लिहून ठेवावी, हा शहाणपणा मात्र अनुभवी लेखनिकच सुचवतो.

शहरातल्या वाचकाला हीच गोष्ट दुसऱ्या कागदावर भेटते. सुट्टीच्या क्लबाचं सभासदत्व असतं, टाइमशेअर म्हणतात ते. आपल्याकडे १९९६ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र हॉलिडेजने पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाचा प्रकार घरोघरी पोचवला. अमेरिकेत तर वर्षातल्या एका आठवड्याचं रीतसर खरेदीखतही मिळतं आणि ते वारसांकडे जातं. तिथे मुलांचं नाव घालावं की नाही याचा विचार आईबाप वेगळ्याच कारणाने करतात: नावाबरोबर दरवर्षीची देखभालीची रक्कम चढते, जा न जा. पोरांना आठवडा नको असेल तर? खारबावच्या सामाईक क्षेत्रावरचा सारा चहापाण्याच्या खर्चाइतकाही नसतो, त्यामुळे इथे नाव नको असं कुणी म्हणत नाही.

पण वर्षातला काळ वाटून घेणं आपल्याकडेही जुनं आहे, त्याला पाळी म्हणतात. मूळ घरातला गणपती भावाभावांत पाळीने असतो. तीन भाऊ असले तर दर तिसऱ्या वर्षी. पुढच्या पिढीत थोरल्याला चार मुलं, मधल्याला दोन, धाकट्याला एक. पाळी शाखेवार उतरते. धाकट्याच्या एकुलत्या एकाकडे गणपती दर तीन वर्षांनी, मधल्याच्या मुलांकडे सहाने, आणि थोरल्याच्या प्रत्येक मुलाकडे बारा वर्षांतून एकदा. ‘आमच्याकडे बारा वर्षांनी आलाय’ म्हणून तो मग असा काही दणक्यात करतो की कर्ज होतं. या वाटपाचा कुठे फेरफार नाही, नोटीस नाही, आणि चूक झालेली मी ऐकलेली नाही. मुलींची नावं मात्र पाळीत अजून धरत नाहीत. कायदा तिथवर पोचलेला नाही, आणि बहिणीही तो पोचवायला गेलेल्या नाहीत.

जमिनीच्या बाबतीत बहीण नोंदीत आली, पण नोंदीत टिकते का हा पुढचा फेरफार सांगतो. भरपाईची नोटीस आली, गोदामाचा सौदा ठरला, की बहिणींना बोलावणं जातं. गाडी दारात येते. ‘बाय, एक सही पाहिजे.’ निबंधक कार्यालयात फोटो, अंगठा, हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या लाभात सोडायचा तर मुद्रांक पाचशेचा. पुढच्या फेरफारात ओळ येते: ‘बहिणींनी आपला हक्क विनामोबदला सोडल्याने त्यांची नावे कमी केली.’ विनामोबदला. माहेर तुटू नये म्हणून दिलेली किंमत त्या एका शब्दात मोबदला नाही अशी नोंदली जाते. आपल्या नोंदीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे मात्र अजून तीन वर्षं आहेत. तोवर तिची सही कुणाला चालणार नाही, अ.पा.क. तिला तेवढा वेळ मिळवून देतं. सज्ञान झाल्यावर ती काय करील हे तिचं तिने ठरवायचं. ठरवण्याची पाळी तिच्यावर यावी, इतकं या शेऱ्याने साधलं तरी पुष्कळ.

आईचं काय? नोंदीत ती एक नंबरला वारस म्हणून आणि पुढे दोनदा पालन करणारी म्हणून येते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात बालकाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सरकारी कागदांत सक्तीचा झाला आहे, महसुली कागदांतही. ही मुलं वारस म्हणून येऊ लागतील तेव्हा आईचं नाव प्रत्येक ओळीच्या मध्यभागी असेल. ‘बिन’ आणि ‘कोम’ पासून तिथवरचं अंतर एकाच वहीत चाललं गेलं आहे.

या लेखनाला एक जागा साधलेली नाही, आणि रसग्रहणात दोषही सांगावा. उत्तराधिकार कायद्याचं कलम २० म्हणतं की बाप गेला तेव्हा जे मूल पोटात होतं आणि पुढे जिवंत जन्मलं, ते आधीच जन्मल्यासारखं धरायचं. हक्क बापाच्या मृत्यूच्या दिवसापासून. कायदा इतका पुढचा विचार करतो. नमुन्यात मात्र त्याला रकाना नाही, नाव नसलेल्याची ओळ लिहिता येत नाही, त्याच्यापुढे वय काय घालणार? अडतीस वर्षांची पत्नी दिवस गेलेली असली तरी ‘अन्य वारस नाहीत’ हे वाक्य तसंच लिहिलं जातं, तिच्याच प्रतिज्ञापत्रावर. बाळ झाल्यावर जन्माचा दाखला घेऊन तिने पुन्हा सजात जायचं. नवी वर्दी, नवा नंबर, पुन्हा १३५-ड, पुन्हा पंधरा दिवस, आणि सहाव्या ओळीत, अ.पा.क. आई.